जाड अक्षराचे मार्दव

पुस्तकातील अक्षराचा धर्म अदृश्य होण्याचा असतो. वाचकाचे लक्ष अर्थाकडे जावे आणि अक्षर मागे विसरले जावे, यातच त्याची कृतार्थता. मथळ्याच्या, जाहिरातीच्या किंवा पाटीच्या अक्षराचे याच्या उलट असते. त्याला आधी दिसावे लागते, मग वाचले जाणे. म्हणूनच ग्रंथप्रेमी मंडळींनी पहिल्याला कुलीन मानले आणि दुसऱ्याला बाजारी. १९२२ साली शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या खिळे ओतणाऱ्या कंपनीने विक्रीस काढलेले ‘कूपर ब्लॅक’ हे या बाजारी जातीतले. परंतु ते जवळून पाहिले, की ही जातवारी डळमळू लागते.

त्याचे कर्ते ऑझवल्ड कूपर यांचा जन्म १८७९ चा. बालपण कॅन्ससमधल्या लहान गावात गेले. शाळा अर्धवट सुटली आणि छापखान्यातील उमेदवारी वाट्याला आली. चित्रकार व्हावे म्हणून ते शिकागोला फ्रँक होम यांच्या शाळेत आले. तेथे फ्रेडरिक गाउडी अक्षरलेखन शिकवीत. या शिक्षणात कूपरना कळून चुकले, की आपला हात चित्रापेक्षा अक्षरात अधिक रमतो. पुढे फ्रेड बर्ट्श यांच्या भागीदारीत त्यांनी जाहिरातींची अक्षरे हाताने रेखाटण्याचा व्यवसाय केला. खिळ्यांसाठी अक्षरे घडवणे हे त्या हातच्या कामातूनच पुढे उद्भवले.

‘कूपर ब्लॅक’चे मर्म कळण्यासाठी सेरिफ म्हणजे काय हे ध्यानात घ्यावे लागते. देवनागरीची अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात. ती रेषाच शब्दाला एकत्र बांधते. रोमन लिपीला अशी रेषा नाही. तिच्या अक्षरदंडांच्या टोकांना जी छोटी आडवी पावले फुटतात, त्यांना सेरिफ म्हणतात. ती पावले ओळीने टेकली, की डोळ्याला खाली एक न काढलेली रेघ भासू लागते. कूपरनी नेमकी ही पावलेच गोल केली. त्यांची अक्षरे जमिनीवर सपाट उभी राहत नाहीत. गुबगुबीत बाहुलीसारखी किंचित डोलत टेकतात. तोल ढळू नये म्हणून मग त्यांना एकमेकांना खेटून बसवावे लागते, आणि आसरा देणारी रेघ नसतानाही शब्द एकजीव होतो. आतल्या पोकळ्या लहान आणि मागे कललेल्या आहेत. रुंद टाकाने लिहिताना हाताला जो कल येतो, तोच हा कल. ओळीखाली उतरणाऱ्या शेपट्या आखूड आहेत, त्यामुळे ओळी जवळजवळ मांडता येतात.

या गोलाईला छपाईच्या व्यवहारातही अर्थ होता. खिळ्याच्या दाबाखाली शाई अक्षराच्या कडेबाहेर थोडी पसरतेच, आणि वापराने खिळ्याचे अणकुचीदार कोपरे बोथट होतात. ज्याचे कोपरे मुळातच गोल, त्याला बोथट होण्याचे भय उरत नाही. दूरदृष्टीच्या मुद्रकांसाठी आणि अधू दृष्टीच्या गिऱ्हाइकांसाठी हे अक्षर आहे, असा विनोद कूपर स्वतःच करीत. त्या विनोदात वाचणाऱ्याविषयीची कणवही आहे. मोठ्याने बोलणारा प्रत्येक जण दरडावीत नसतो. ऐकू कमी येणाऱ्याशीही मोठ्यानेच बोलावे लागते.

सनातनी मुद्रकांनी नाके मुरडली, पण गिऱ्हाइकांनी हे अक्षर उचलून धरले. प्रतिस्पर्धी स्वस्थ बसणे शक्य नव्हते. १९२४ साली ‘लड्लो ब्लॅक’ आले. १९२५ साली लॅन्स्टन मोनोटाइप कंपनीने आपलेही तसेच जाड अक्षर बाजारात आणले, ‘गाउडी हेवीफेस’. आणि ते रेखाटले होते फ्रेडरिक गाउडी यांनी. ज्या गुरूने कूपरना अक्षर गिरवायला शिकवले, त्यालाच बाजाराच्या मागणीखातर शिष्याच्या वाटेने जावे लागले. अमेरिकेचा कायदाही अक्षराच्या आकाराला कॉपीराइट देत नाही; १९७८ साली तेथील संघीय अपील न्यायालयाने तो नाकारलाच. अक्षराचे वळण वाऱ्यासारखे आहे, कोणाच्याही शिडात शिरते.

कूपर १९४० साली वारले. त्यांचे अक्षर मात्र धातूच्या खिळ्यांबरोबर इतिहासजमा झाले नाही. प्रकाशजुळणी आली, घासून उमटवायच्या अक्षरांचे कागद आले, आणि त्या साधनांतून ते पुन्हा बहरले. १९६६ साली बीच बॉइज या गायकवृंदाच्या ‘पेट साउंड्स’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर ते झळकले. १९६८ साली बीबीसीच्या ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेची शीर्षके त्यात उमटली. महायुद्धातल्या वयस्क गृहरक्षकांच्या त्या भाबड्या पलटणीला या स्थूल, सुस्वभावी अक्षरांहून शोभणारी वर्दी मिळणे कठीण होते. १९९५ साली सुरू झालेल्या ईझीजेट या विमान कंपनीने ते नारिंगी रंगात आकाशात नेले. पुढे संगणकांतील टंकांच्या यादीतही त्याला जागा मिळाली.

त्या यादीत कूपर यांचे नाव आजही आहे, पण ते एका माणसाचे नाव आहे हे फारसे कुणाच्या मनात येत नसावे. इंग्रजीत कूपर म्हणजे लाकडी पिंपे घडवणारा कारागीर. फुगीर बाजूंची ही काळी अक्षरे पाहणाऱ्याला ते नाव आकारावरूनच पडले असे वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही. लोकगीताच्या रचणाऱ्याचे जे होते, तेच येथे झाले: गीत जितके ओठांवर रुळावे, तितका कर्ता दूर जावा. पुस्तकातील अक्षर अर्थासाठी अदृश्य होते. या ठळक अक्षराला अदृश्य होणे साधले नाही. त्याच्या मागे उभा असलेला माणूस मात्र अदृश्य झाला. ज्या कुलीनतेचा मान त्याच्या अक्षराला नाकारला गेला, ती अशा रीतीने त्याच्याच वाट्याला आली.