न सुटणारे बंद

अवकाशयानांचे चित्रपट मला एरवी मानवत नाहीत. नुसता धूर, गडगडाट आणि लखलखाट! पण आंद्रेई तार्कोव्स्की या रशियन दिग्दर्शकाचा १९७२ सालचा ‘सोलारिस’ मात्र माझ्या मनात घर करून बसला आहे. त्यात लढाया नाहीत. आहे तो दूरच्या ग्रहावरचा एक विचार करणारा समुद्र आणि त्यावर अधांतरी असलेले जवळजवळ ओसाड स्थानक. तेथील माणसे हवेच्या झरोक्याला कागदाच्या पट्ट्या चिकटवतात. रात्री त्यांची सळसळ ऐकली की पृथ्वीवरची पाने हलल्यासारखी वाटतात!

क्रिस केल्विन नावाचा मानसशास्त्रज्ञ तेथे जातो. झोपेतून डोळे उघडतो तो काय, दहा वर्षांपूर्वी आत्महत्या केलेली त्याची पत्नी हारी समोर! समुद्राने तिला त्याच्या आठवणींतून घडवलेले असते. पण तिच्या झग्याचे पाठीवरचे बंद काही केल्या सुटत नाहीत. ते नुसते दिसण्यापुरते. झगा कात्रीने कापावा लागतो. मला वाटते, क्रिसला बंद आठवत होते. ते सुटतात कसे, हे आठवत नव्हते.

हे पाहिले आणि मला माझी आई आठवली. तिला जाऊन अकरा वर्षे झाली. त्या समुद्राने माझ्या मनात डोकावून आई घडवली, तर कोण येईल? सोऱ्या दाबणारी, पदराला हात पुसणारी, ‘जरा टेकते हं’ म्हणणारी बाई येईल खरी. पण गेल्या दिवाळीत चकल्या तळता तळता मावशी सहज म्हणाली, “अरे, लग्नाआधी ताई कृष्णा पोहून पार करायची. वाईच्या घाटावर पोरे बघत उभी राहायची!”

आईला पोहता येत होते, हे मला ठाऊकच नव्हते. माझ्या आठवणीतली आई त्या समुद्रात पडली असती, तर बुडालीच असती.

चित्रपटातली हारी हळूहळू क्रिसच्या आठवणीपलीकडे वाढते. तिचे दुःख तिचे स्वतःचे होते आणि अखेर त्याच्यासाठी ती आपणहून नाहीशी होते. मला ती तेव्हाच सर्वांत खरी वाटली. अज्ञात म्हटले की आपण ताऱ्यांकडे बोट दाखवतो. माझ्या घरी मात्र ते स्वयंपाकघरात वावरून गेले.

यंदाही मावशी येणार आहे. तिला एवढेच विचारायचे आहे : पाण्यात उडी घेताना आई हसायची का?