नेट पुरे, मॅच द्या

मी ऑफस्पिन टाकायचे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्राकडून खेळले, पुढे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली, तिथल्या संघाकडूनही खेळले. भारताच्या संघात कधी आले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ‘माजी क्रिकेटपटू’ म्हटलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न तोच असतो.

तेव्हा बायकांचं क्रिकेट बीसीसीआयकडे नव्हतं. त्यासाठी वेगळी संघटना होती, 1973 साली लखनौत नोंदलेली. त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली आणि तिला संघ होते तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. आमच्यापर्यंत संघ खूप वाढले, पैसा काही वाढला नाही. रिझर्वेशन मिळालं तर नशीब, नाहीतर किट बॅगा दोन बाकांमध्ये रचायच्या आणि त्यांच्यावर आळीपाळीने झोपायचं. मुक्काम एखाद्या शाळेच्या वर्गात, सतरंजीवर. बऱ्या बॅटा संघात दोन-तीनच. आउट झालेली पोरगी परतताना वाटेतच पॅडचे पट्टे सोडायला लागायची, कारण नंतरची त्याच पॅडसाठी ताटकळलेली असायची. आम्हाला याचं फार दुःख नव्हतं. दुःख होतं ते मॅच कमी मिळण्याचं. वर्षभर घाम गाळायचा, स्पर्धेत दोन सामने हरलं की घरी.

1997 सालचा वर्ल्ड कप भारतात झाला. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर डेन्मार्कविरुद्ध नाबाद 229 धावा काढल्या. वन-डेतलं ते पहिलं द्विशतक. सचिनचं आलं 2010 मध्ये, ग्वाल्हेरला. आजही क्विझमध्ये हा प्रश्न विचारला की भले भले ‘सचिन’ म्हणतात आणि मी गालातल्या गालात हसते.

2006 मध्ये बोर्डाने महिला क्रिकेट आपल्याकडे घेतलं, तोवर माझा गुडघा बोलायला लागला होता. कोचिंगचा कोर्स केला आणि संध्याकाळी मैदानावर उभी राहायला लागले. सुरुवातीला मुली मोजक्याच, त्यातल्या निम्म्या भावाला सोडायला आलेल्या.

खेळाडू म्हणून जे हाताला कळतं ते तोंडाने सांगता येत नाही, हे तिथे समजलं. बॉल बोटांतून कसा सोडायचा हे मला कुणी शिकवलंच नव्हतं, त्यामुळे माझ्याकडे शब्द नव्हते. मग स्वतःचाच हात तासन् तास बघत बसले. पहिलं बोट शिवणीवर आडवं, त्याचं वरचं पेर सगळं काम करतं, अंगठा नुसता नावाला. ज्या पोरींची बोटं आखूड, त्यांची दोन बोटं जवळ आणायची, ताणायची नाहीत. त्यात बॉलचीही गंमत. बायकांच्या बॉलचं वजन 140 ते 151 ग्रॅम, पुरुषांच्या 156 ते 163. लहान गावातल्या दुकानात मिळतो तो पुरुषांचाच. मुली वर्षभर त्यानेच टाकतात आणि सिलेक्शनच्या दिवशी हातात अचानक हलका, लहान बॉल येतो. पहिल्या ओव्हरला दोन फुलटॉस ठरलेले. म्हणून मी बॉल मागवून ठेवते, खर्च झाला तरी.

थ्रोचंही तसंच. मुलगे लहानपणापासून चिंचा-कैऱ्यांवर दगड मारत मोठे होतात, त्यांचा खांदा आपोआप तयार होतो. मुलींना कुणी दगड मारू देत नाही. बारा वर्षांची पोरगी पहिल्यांदा थ्रो करते तेव्हा कोपर खाली, छाती समोर, सगळा जोर मनगटात. तिला आडवं उभं करायचं, डावा पाय टार्गेटकडे, कोपर खांद्याच्या वर, कंबर आधी फिरली पाहिजे. महिना-दोन महिन्यांत बॉल सीमारेषेवरून थेट कीपरच्या हातात येतो. ‘मुलींना थ्रो जमत नाही’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या कोचना मी मैदानावर बोलावते.

आता मात्र चित्र उलटं झालंय. गल्लोगल्ली अकॅडमी, टर्फ, बॉलिंग मशीन. नेटच्या मागे बाबा लोक मोबाइल धरून उभे. “मॅडम, आज हिला चाळीसच बॉल मिळाले.” मी म्हणते, “मिळाले ना. त्यातले चौकार किती आणि झेल किती, सांगा बघू.” नेटमध्ये फिल्डर नसतो. कॉल द्यायचा नसतो, आउट झालं तरी पुढचा बॉल येतोच. माझ्याकडे एक मुलगी होती, कव्हर ड्राइव्ह असा की बघत राहावं. पहिल्याच सामन्यात तिने एका ओव्हरला चार सुंदर ड्राइव्ह मारले, चारही थेट फिल्डरकडे. समोरची रनसाठी निम्म्या पिचपर्यंत येऊन परत जातेय. ओव्हर संपल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? गॅप शोधायला गॅप दिसावी तर लागते.

मग मी तिला 14 वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यात घातलं. बॉलर पोरगा भला, त्याने दयेने दोन बॉल हळू टाकले. तिने दुसरा मिडविकेटवरून बाहेर मारला. तिसरा कानाजवळून गेला. ती हेल्मेट सारखं करून पुन्हा स्टान्समध्ये उभी राहिली, आणि ओव्हरच्या शेवटच्या बॉलला मिडऑनकडे हळूच ढकलून एक रन काढून पलीकडे गेली. मला तो एक रन हवा होता.

2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला. कोच अमोल मुजुमदार. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा आणि भारताकडून एकही सामना नाही. त्या रात्री मी जरा जास्तच रडले, कारण लपवत नाही. सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाचे 338 गाठताना नाबाद 127 काढणारी जेमिमा लहानपणी मुलांबरोबर खेळलेली. रोहतकची शफाली तर केस कापून मुलांत खेळायची. हा योगायोग नव्हे.

त्या फायनलनंतर माझ्याकडे प्रवेशाला रांग लागली. चांगलंच आहे. पण अकॅडमी चालवणाऱ्यांना एक विनंती. रविवारच्या सामन्याची टीमशीट लिहाल तेव्हा मुलांच्या संघात दोन मुलींची नावं लिहा. बारावी खेळाडू म्हणून नको, आणि बॅटिंगला पाच नंबरच्या खालीही नको.