दहा गज

आमच्या निफाडचे नाव वर्षातून एकदा तरी वर्तमानपत्रात झळकते. थंडीत पारा घसरला की राज्यातले नीचांकी तापमान बहुधा आमच्याच गावाच्या नावावर जमा होते. आमच्या घरातला गारठा मात्र बारमाही होता. २०१३ साली आम्हा दोघा भावांची वाटणी झाली, आणि द्राक्षबागेतल्या मधल्या बांधावरून दादाचे नि माझे बिनसले ते बिनसलेच. वाद कितीचा, तर दीड हाताचा! एका गल्लीत राहून सहा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. मी पेशाने शाळामास्तर. भाऊबंदकीने पेशवाईचे काय झाले, हे पोरांना रंगवून सांगण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. तेव्हा गावात माझी शोभा किती होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

२०१९ च्या जून महिन्यात सौ.ने नेपाळयात्रेचे पैसे परस्पर भरून टाकले. मनमाडच्या फलाटावर मंडळी जमली; पाहतो तो वळकटीवर साक्षात दादा बसलेला! शेजारी वहिनी. मी सौ.कडे पाहिले. ती गाडीच्या वेळा वाचण्यात गढून गेली होती.

रेल्वेचा प्रवास वेगवेगळ्या डब्यांत निभावला. पण गोरखपुरास पहाटे चार वाजता बसमध्ये बसायची वेळ आली, तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, "जागा आडनावाप्रमाणे लावल्या आहेत हं!" बायका एका बाकावर, आम्ही दोघे त्यांच्या मागे. खिडकी मला. शंभर किलोमीटरच्या त्या वाटेत मी खिडकीबाहेरची उसाची शेते पाहिली आणि दादाने समोरच्या बाकाची पाठ पाहिली.

सोनौलीला पोचलो तेव्हा ऊन तापू लागले होते. मालट्रकांची ही लांबलचक रांग. परदेशात जायचे म्हणून आम्ही छातीत धडधड घेऊन आलेलो, आणि इथे एक बाई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन एका देशातून दुसऱ्या देशात चालली होती! १९५० च्या करारापासून दोन्हीकडच्या लोकांना ये-जा मोकळी आहे. आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र पुरते. खोळंबा होतो तो गाडीचा. तिला नेपाळात न्यायची तर भन्सार, म्हणजे तिकडची जकात, भरून परवाना काढावा लागतो. आमचे व्यवस्थापक कागद घेऊन गेले ते तीन तास परतले नाहीत.

आम्ही पायी निघालो. आपल्या बाजूला सीमा बलाच्या जवानाने कार्डे पाहिली. आधी दादाचे, मग माझे. एकच आडनाव, एकच बाप, एकच गाव. त्याने सहज विचारले, "भाई हैं?"

मी गप्प. दादाही गप्प. मागून लोक ढकलू लागले. शेवटी दादा घसा खाकरून म्हणाला, "हां. छोटा है. हमारे साथ ही है."

सहा वर्षांत माझ्याविषयी दादाच्या तोंडून मी ऐकलेले हे पहिले वाक्य, तेही हिंदीत.

कमानीजवळ चहाची टपरी होती. दादा पडला शेतकरी. त्याने चहावाल्याला पिकापाण्याचे विचारले आणि बोलता बोलता सरहद्दीवर गाडी आली. चहावाला म्हणाला, हद्दीच्या खांबांपासून दोन्ही देशांनी दहा-दहा गज जमीन मोकळी सोडायची, असा नियम आहे. तिला 'दशगजा' म्हणतात. तिथे कुणी पेरायचे नाही, कुणी बांधायचे नाही. "अतिक्रमण होत असेल की!" दादाने विचारले. "होतं ना, साहेब," चहावाला हसला, "माणसंच आहेत."

दादाने चहा बशीत ओतला आणि बराच वेळ तो फुंकत राहिला. १८१६ चा सुगौलीचा तह मी वर्गात कितीदा शिकवला होता. पण दहा गजांची ही गोष्ट माझ्या पुस्तकात नव्हती.

बस सुटेपर्यंत दुपार झाली. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे. मी लगेच काटा फिरवला. दादाने फिरवला नाही. बुटवल मागे पडले आणि सिद्धार्थ राजमार्गाची वळणे सुरू झाली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. सगळी बस ओकाऱ्यांनी हैराण! तासाभराने पाहतो तो उभ्या उन्हात बागेला औषध मारणारा माझा दादा डोळे मिटून, कपाळावर घाम घेऊन बसलेला.

"इकडे सरक," मी म्हणालो, आणि खिडकी सोडली.

तो मुकाट्याने सरकला. वाऱ्याने जरा हुशारी आल्यावर त्याने खिशातून आवळकाठीची पुडी काढली, अर्धी माझ्या हातावर ठेवली. आईसुद्धा आम्हांला आवळकाठी अशीच वाटून द्यायची, मोजून. दोघांनाही तेच आठवले असावे, कारण दोघेही एकदम दुसरीकडे पाहू लागलो.

पोखऱ्याला पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. सामान उतरवताना दादाने विचारले, "तुझ्या घड्याळात किती वाजले?"

मी सांगितले. त्याने मनगट दिव्याकडे धरले आणि पंधरा मिनिटे पुढे केली.

घरी आल्यावर आम्ही फेरमोजणीचा अर्ज मागे घेतला. बांधाच्या दोन्ही बाजूंना हात-हात जागा सोडली. दहा गज सोडण्याइतके आम्ही मोठे नाही! त्या पट्ट्यात वहिनींनी शेवगा लावला. शेंगा दोन्ही घरी जातात. आमटीत शेंग आली की सौ. माझ्याकडे पाहून हसते. आडनावाप्रमाणे जागा लावायला व्यवस्थापकांना कुणी सांगितले होते, ते मी अजून विचारलेले नाही. वहिनीही त्या विषयावर बोलत नाहीत.