रांगोळीनं काढलेली लाट

बालमित्रांनो, शास्त्राच्या पुस्तकात आलेखाचं पान आलं की तुमच्यापैकी किती जणांच्या पोटात गोळा येतो? खरं सांगा हं! माझ्या भाचीच्या तर दरवेळी यायचा. ही नववीतली मुलगी एरवी इतकी चौकस, की घरातला मिक्सर बिघडला तर आधी तीच त्याचे स्क्रू काढून बघणार. पण चाचणीत आलेखाचे गुण गेले आणि घरात ठरूनच गेलं, 'हिला शास्त्र झेपायचं नाही, दहावीनंतर दुसरं काहीतरी बघू.' हळूहळू तीही तसंच म्हणायला लागली.

मी विचारलं, "तुझं नेमकं अडतं कुठे?"

"मामा, लंबक तर नुसता इकडून तिकडे जातो. मग पुस्तकात त्याची ही नागमोडी लाट का काढतात? तो कुठे असा वळणं घेत जातो?"

आता सांगा, हा प्रश्न 'शास्त्र न झेपणाऱ्या' मुलीचा आहे का?

आम्ही माजघरातला झोपाळा काढला आणि त्याच्या कडीला सव्वादोन मीटर दोरी सोडली. बुचाला भोक पाडलेली प्लॅस्टिकची बाटली तिला उलटी टांगली, बाटलीचा तळ कापून आत रांगोळी भरली. खाली वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद पसरला. बाटली मध्यापासून 20 सेंटिमीटर बाजूला नेऊन अलगद सोडली. दहा फेऱ्यांना 30 सेकंद लागले. म्हणजे जाऊन-येऊन एका फेरीला 3 सेकंद. हा झाला दोलनकाल, आणि ते 20 सेंटिमीटर म्हणजे आयाम.

कागदावर उमटली ती सरळ रेघ. पण नीट पाहिलं तर दोन्ही टोकांना रांगोळीचे छोटे ढीग, आणि मध्ये ती अगदी विरळ! "म्हणजे टोकाशी बाटली रेंगाळते आणि मधून धूम पळते!" भाची ओरडली.

मग मी कागद आडव्या दिशेनं, सेकंदाला 10 सेंटिमीटर असा एकसारखा ओढू लागलो. झाली की रेघेची लाट! बाटली मात्र पहिल्यासारखीच इकडून तिकडे जात होती. लाट हा बाटलीचा रस्ता नव्हेच. ती बाटलीची रोजनिशी आहे. कागदाच्या लांबीवर वेळ, रुंदीवर जागा. कुठल्या क्षणी बाटली कुठे होती, एवढंच ती सांगते.

पट्टी लावून आम्ही ती वाचली. एक लाट 30 सेंटिमीटर लांब, म्हणजे बरोबर 3 सेकंद. मध्यापासून पहिले 10 सेंटिमीटर जायला बाटलीला पाव सेकंद लागला, पण पुढच्या 10 सेंटिमीटरना अर्धा सेकंद! म्हणून लाट मध्ये उभी चढते आणि शेंड्याशी सपाट होते. आलेख जिथे जास्त उभा, तिथे वेग जास्त.

मग बाटली फक्त 10 सेंटिमीटरवरून सोडली. लाट बुटकी झाली, पण लांबी तेवढीच! असं का? मध्यापासून अंतर निम्मं झालं की मध्याकडे खेचणारं बलही निम्मं होतं. त्यामुळे बाटली सावकाश जाते, आणि छोटी फेरीही तेवढाच वेळ घेते. हिलाच सरल हरात्मक गती म्हणतात. झोके लहान असले तरच लंबक हा नियम पाळतो बरं का! याच गुणावर हॉयगेन्स या डच शास्त्रज्ञानं 1656 मध्ये लंबकाचं घड्याळ बनवलं.

दारात उभे राहून पाहणारे भाऊजी एव्हाना स्वतःच पट्टी घेऊन खाली बसले होते. रात्री जेवताना ते म्हणाले, "दहावीनंतर काय घ्यायचं, ते तिचं तिलाच ठरवू दे."

आईबाबांनो, गुण कमी आले तर मूल कुठे अडलंय ते आधी विचारा. आणि मुलांनो, दोरी पाव लांबीची, म्हणजे 56 सेंटिमीटरची केली तर एक लाट किती लांब येईल? आधी अंदाज वहीत लिहा, मगच रांगोळीचा डबा मागा!