न फेडायचे पैसे

पैसे कोणाकडून घ्यावेत आणि कोणाकडून घेऊ नयेत, याविषयी आमच्या माहेरी फार कडक नियम होते. वडिलांच्या मते जगात पैशाचे तीनच प्रकार: कष्टाचे, कर्जाचे आणि फुकटचे. पहिले घरात आणावेत, दुसरे लवकरात लवकर परत करावेत आणि तिसऱ्यांना उंबऱ्याशीच थांबवावे. या तिन्हींत न बसणारा चौथा प्रकार असतो हे मला पासष्टी उलटल्यावर कळले, आणि तेही अमेरिकेत, बहिणीच्या मुलाकडे राहायला गेले तेव्हा.

बॉस्टनजवळच्या एका मोठ्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून भाच्याने दोन मित्रांबरोबर भाड्याच्या दोन खोल्यांत स्वतःचे काम सुरू केले होते. काम कसले, तर कडाक्याच्या थंडीतही दम न सोडणारी बॅटरी. थंडीत आपल्याकडे खोबरेल तेल थिजते ना, तशातलाच प्रकार बॅटरीच्या पोटातल्या द्रवाचा होतो. तो दाट होतो, विजेचा भार वाहणारे कण त्यातून रखडत चालतात, आणि भरलेली बॅटरी रिकामी असल्यासारखी वागते. त्यावर याला एक उपाय सुचला होता.

"आणि पैसे?" मी विचारले.

"सरकार देतं, मावशी."

"व्याज किती?"

"व्याज नाही. परतही करायचे नाहीत."

"मग कंपनीत भागीदारी मागत असेल."

"तीही नाही."

माझा चेहरा पाहून तो हसला, आणि त्याने मला सारे बैजवार समजावून सांगितले.

तिकडे १९७७ साली नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेत रोलंड टिबेट्स या गृहस्थांनी एक प्रयोग सुरू केला. सरकारचा संशोधनाचा पैसा बड्या कंपन्या आणि विद्यापीठे यांच्याकडेच वाहत होता. त्यातला थोडासा छोट्या उद्योगांकडे वळवून पाहावा, एवढीच कल्पना. ती फळली. १९८२ साली अध्यक्ष रेगन यांची सही होऊन तिचा कायदा झाला. ज्या खात्यांचा बाहेरून संशोधन करवून घेण्याचा वार्षिक खर्च दहा कोटी डॉलरांवर जातो, त्यांनी त्यातला ठरावीक हिस्सा छोट्या कंपन्यांसाठी वेगळा काढायचा. आरंभी हा हिस्सा ०.२ टक्के होता. २०१७ साली तो ३.२ टक्क्यांवर गेला. छोटी म्हणजे पाचशेपेक्षा अधिक माणसे कामाला नसलेली. आमच्या भोसरीच्या मानाने ही छोटी कंपनी चांगलीच अवाढव्य म्हणायची!

पैसा टप्प्याटप्प्याने मिळतो. पहिल्या टप्प्यात सहा महिने ते वर्षभरात एवढेच पाहायचे, की कल्पनेत काही तथ्य आहे का. तथ्य दिसले तर दुसऱ्या टप्प्यात साधारण दोन वर्षे आणि मोठी रक्कम. तिसऱ्या टप्प्यात माल बाजारात न्यायचा. तिथे या योजनेचा पैसा नाही, ज्याचे त्याने पाहायचे. एक अट मात्र मला फार आवडली. मुख्य संशोधक मंजुरीच्या वेळी मुख्यत्वे त्याच छोट्या कंपनीत कामाला असला पाहिजे. नोकरी सांभाळून फावल्या वेळात शोध लावीन म्हटलेले चालत नाही. सरकार पैसे घालते, माणसाने आपला जीव घालायचा.

मला आवडलेली ही अट माझ्या बहिणीच्या मात्र जिवाला घोर लावून गेली. मुलगा नोकरीवर नाही, हे तिने नाशिकला शेजारणींना वर्षभर सांगितले नव्हते. रोज रात्री फोन, आणि रोज एकच प्रश्न: "दुसरीकडे कुठे बघतोयस ना?"

भाच्याला पहिला पैसा मिळाला ऊर्जा खात्याकडून. वर्ष संपले तेव्हा चाचण्यांत दिसले, की एका मर्यादेपर्यंत उपाय ठीक चालतो. थंडी त्याहून वाढली, की फसतो. त्याने अहवालात ते जसेच्या तसे लिहिले. मला धाकधूक, आता वसुली येणार! तसे काही झाले नाही. प्रश्न विचारायला पैसे दिले होते, उत्तर मिळाले. उत्तर "नाही" असले म्हणून काय झाले?

त्या रात्री मला झोप आली नाही. १९८० च्या सुमारास भोसरीत आमच्या यजमानांचे छोटे वर्कशॉप होते. विहिरीचे पाणी आटले तरी जळणार नाही असा पंप करण्याचा त्यांना ध्यास होता. बँक लेथसाठी कर्ज देई, कारण लेथ जप्त करता येतो. डोक्यातला प्रश्न कसा जप्त करणार? रविवारी पदरच्या पैशाने त्यांनी सहा वर्षे खटपट केली. पंप झाला नाही. त्यांच्यामागे पितळेचे काही तुकडे माळ्यावर उरले. तो कुठे अडला, का अडला, हे लिहून ठेवायला त्यांना कोणी सांगितले नाही, आणि पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असेल. वाया गेले ते पैसे नव्हेत, ते उत्तर वाया गेले.

या योजनेत सारे गोडच आहे असे नाही. काही कंपन्या मंजुरीमागून मंजुरी मिळवीत राहतात आणि माल कधी बाजारात येतच नाही, अशी ओरड तिकडेही आहे. जे बाजारात जातात त्यांचीही धडगत नसते. २००१ साली मॅसॅच्युसेट्समध्ये निघालेल्या ए१२३ सिस्टिम्स या बॅटरीच्या कंपनीला ऊर्जा खात्याने याच योजनेतून सुमारे एक लाख डॉलर दिले. ती एवढी वाढली की २००९ साली तिचे भाग शेअरबाजारात आले. २०१२ साली तिचे दिवाळे निघाले, आणि २०१३ साली ती वानशियांग या चिनी उद्योगाच्या हाती गेली. सैन्यासाठी चालणारे तिचे काम तेवढे एका अमेरिकन कंपनीला वेगळे विकले. बी पेरले एकाने, पीक नेले दुसऱ्याने!

भाच्याने सुधारलेली कल्पना मग संरक्षण खात्याकडे पाठवली. या योजनेत सर्वांत मोठा वाटा त्यांचाच. त्यांची रीतही जरा वेगळी. आपल्याला नेमके काय हवे ते बहुधा तेच आधी सांगतात. बर्फात सैनिकाचा रेडिओ बंद पडू नये, हे त्यांचे मागणे. माझ्या मनात काटा रुतला. म्हटले, "बॅटरीला कळत नाही ती कुणाच्या पाठीवर आहे, पण करणाऱ्याला कळतं ना?" तो म्हणाला, "ज्याचा रेडिओ बंद पडतो, त्यालाही आई असतेच, मावशी." दोघांचेही खरे होते, म्हणून दोघेही गप्प बसलो.

आपल्याकडेही हे वारे आले आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ साली छोट्या उद्योगांच्या संशोधनासाठी अशीच योजना काढली. २०१८ साली संरक्षण मंत्रालयाची आयडेक्स आली; त्यात नव्या कंपन्यांना दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान ठरले. हे वाचले तेव्हा माळ्यावरचे पितळ आठवले. चाळीस वर्षे उशीर झाला, पण भोसरीत रविवारी जागणारे आजही कमी नसतील.

२०२५ साली ३० सप्टेंबरला अमेरिकेतल्या त्या कायद्याची मुदतच संपली. पुढे काय, यावर तिथल्या काँग्रेसमध्ये एकमत होईना, आणि नव्या मंजुऱ्या थांबल्या. भाच्याचा अर्ज तसाच पडून राहिला. त्या दिवाळीत बहीण माझ्याकडे होती. फराळ आटोपल्यावर तिने मुलाला फोन लावला. मी कान देऊन बसले, आता नोकरीचा विषय निघणार म्हणून.

तिने विचारले, "काय रे, उणे तीस अंशांना टिकली का?"