शुक्रवारची शर्यत

नाताळ जवळ आला की आमच्या कार्यालयात येणाऱ्या मंडळींचे प्रश्न बदलतात. बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन झाला, मिस्साची नोंद झाली, की एखादी माता जाता जाता थांबते आणि मोबाईल पुढे करते. पडद्यावर लाल टोपीचा एक मिशाळ गृहस्थ मोटार हाकीत असतो. "फादर, हा नवीन गेम आलाय. पोरांना चालेल का?" पूर्वी या प्रश्नाचे उत्तर आमच्या ओठांवर तयार असे. आता नसते. ते का नसते, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच. ज्या कुटुंबाची ही हकिकत आहे, त्यांनी ती लिहिण्यास संमती दिली आहे. नावगाव मात्र आम्ही आमच्यापाशीच ठेवतो.

या खेळांशी आमचा परिचय जुना, पण दुरूनचा. १९९२च्या मे महिन्यात सेमिनरीतून सुटीवर घरी आलो, तेव्हा थोरल्या बंधूंच्या मुलाने टीव्हीला एक पेटी जोडलेली होती. तीत कॅसेट खुपसायची. कॅसेटवर '९९९९ खेळ' असे छापलेले. प्रत्यक्षात तेच ते मोजके खेळ निरनिराळ्या क्रमांकांनी पुन्हा पुन्हा येत. खेळ सुरू झाला नाही की पोरे कॅसेट बाहेर काढून तिच्या खाचेत जोराने फुंकर मारीत, आणि आश्चर्य म्हणजे खेळ सुरू होई. ती पेटी निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम यंत्राची नक्कल होती, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले. साऱ्या आळीत ती एकच. दोन पोरे खेळत, आठ पोरे पाहत, आणि पाहणारेच अधिक ओरडत. कॅसेट एका घरातून दुसऱ्या घरात जाई, पंधरा दिवसांनी परत येई. कधी येतच नसे, आणि मग दोन घरांत अबोला.

त्याच काळात आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचा 'सुम्मा' अभ्यासत होतो. खेळ आणि विरंगुळा यांतही सद्गुणाला जागा आहे, असे हा थोर तत्त्वज्ञ म्हणतो आणि संत योहानाची एक आख्यायिका देतो. शिष्यांसमवेत खेळणाऱ्या योहानाला पाहून काहींनी नाक मुरडले. त्यांच्यातील एकाच्या हाती धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला सांगितले, पुन्हा सोडायला सांगितले, आणि विचारले, "असे अखंड करीत राहशील काय?" तो उत्तरला, "धनुष्य मोडेल." मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्याला सांगितले. हे सर्व आम्ही परीक्षेत लिहिले, बऱ्यापैकी गुण मिळवले आणि विसरून गेलो.

विसरलो होतो याचा पुरावा २०२५च्या उपवासकाळात मिळाला. आमच्या धर्मग्रामात दर शुक्रवारी सायंकाळी सात वाजता क्रूसाची वाट असते. वेदीसेवकांपैकी एक बारा वर्षांचा मुलगा, अत्यंत नेमस्त, कधी न चुकणारा, तो लागोपाठ तीन शुक्रवार आला नाही. इतर मुलांना विचारले तेव्हा एकाने तत्परतेने माहिती पुरवली, "फादर, तो घरी गेम खेळतो." आम्हांला विषय मिळाला. ३० मार्चच्या रविवारी प्रवचनात आम्ही त्या पेटीवर कडाडून बोललो. यंत्राने मुलांना क्रूसापासून ओढून नेले, घरांत माणसे राहिली पण कुटुंबे राहिली नाहीत, असे बरेच काही. नाव घेतले नाही. पण 'आपल्याच एका वेदीसेवकाचे' असे शब्द तोंडून गेले आणि तिसऱ्या बाकाकडे माना वळल्या. तेथे तो मुलगा आजीशेजारी बसला होता.

मिस्सानंतर आजी सॅक्रिस्टीत आली. आम्ही आमची समजूत घालण्याची भाषा सिद्ध ठेवली होती. तिची आवश्यकता पडली नाही. आजी एवढेच म्हणाली, "फादर, पोरगा शुक्रवारी बापाला भेटतो," आणि निघून गेली.

त्या शुक्रवारी, ४ एप्रिलला, क्रूसाची वाट आम्ही सहायक धर्मगुरूंवर सोपवली आणि त्यांच्या घरी गेलो. मुलाचे वडील कुवेतमध्ये फिटर आहेत. चार जणांत एक खोली. शुक्रवार ही त्यांची आठवड्याची एकमेव सुटी. सकाळी चर्च, मग कपडे, मग जेवण आणि झोप. साडेपाचला स्वयंपाकाची पाळी. मधला तास त्यांचा स्वतःचा. कुवेतचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. तेथील साडेचार म्हणजे येथील सात. त्यांनी स्वतःसाठी एक वापरलेला निन्टेन्डो स्विच घेतला होता आणि मुलासाठी एक नवा पाठवला होता. दोघे 'मारिओ कार्ट ८ डीलक्स' खेळत. हा शर्यतीचा खेळ २०१७ साली निघाला आणि जगभर त्याच्या ६ कोटींहून अधिक प्रती खपल्या. इंटरनेटवरून खेळण्यासाठी वर्षाला सुमारे २० डॉलरची वर्गणी पडते. ती बापच भरी.

टीव्हीवर मोटारी धावत होत्या. मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला. त्यातून वडिलांचा आवाज येत होता. "जेवलास का, अभ्यास झाला का," हे आम्ही आखातातल्या कित्येक बापांच्या तोंडून ऐकले आहे. दोन मिनिटांत ते संभाषण आटते. मग एकमेकांचे चेहरे पाहत बसायचे आणि "आईला दे" म्हणायचे. येथे मात्र तासभर बोलणे चालले होते. दोघांचे डोळे रस्त्यावर होते, म्हणूनच बहुधा. "डावीकडून घे... अरे, केळ्याची साल टाकलीस मला?... पप्पा, गणितात बारा मिळाले... किती पैकी?... पंचवीस... पुढे वळण आहे, सांभाळ." बारा गुणांची बातमी अशी एका वळणावर सांगितली गेली आणि अशीच एका वळणावर स्वीकारली गेली. आईला ती अद्याप ठाऊक नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

आमच्याही हाती एक चिमुकला कंट्रोलर देण्यात आला. मुलाने आमच्या मोटारीला एक सोय लावून दिली. तिने गाडी रस्त्याबाहेर जात नाही, नवशिक्यांसाठी ती असते. तरीही आम्ही शेवटचे आलो. कुवेतहून आवाज आला, "फादर, तुम्ही प्रवचनच बरे देता." त्यांच्यापर्यंत प्रवचन पोहोचले होते, हे आम्हांला तेव्हा कळले. आम्ही क्षमा मागितली. मुलाकडे पाहून मागितली, फोनकडे पाहूनही मागितली. फोनमधील गृहस्थ लगेच म्हणाले, "असू दे, फादर." मुलगा काही म्हणाला नाही.

पत्ते, सिनेमा, दूरदर्शन, मोबाईल: या क्रमाने आम्हां धर्मगुरूंची प्रवचने चालत आली आहेत. आमच्या बालपणी पत्त्यांवर गदा येई. गंमत अशी की निन्टेन्डोचा उगम पत्त्यांतच आहे. १८८९ साली क्योटो शहरात फुसाजिरो यामाउची यांनी हा उद्योग काढला तो 'हानाफुदा' नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते बनवण्यासाठी. आणि असले पत्ते मुळात जपानात नेले कोणी? सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी. जपानी भाषेतला 'करुता' हा शब्द म्हणजे पोर्तुगीजांचा 'कार्ता'च. त्याच शतकात त्याच लोकांनी आमच्या वसईत चर्चे उभारली, आणि १५४९मध्ये संत फ्रान्सिस झेविअर गोव्याहून निघून कागोशिमाला उतरले. जपमाळा आणि पत्ते एकाच दिशेने प्रवास करीत होते म्हणायचे. असो.

त्याच भेटीत मुलाने आम्हांला दुसरी एक वार्ता दिली. दोनच दिवसांपूर्वी, २ एप्रिलला, कंपनीने 'स्विच २' या नव्या यंत्राचा तपशील जाहीर केला होता. अमेरिकेत किंमत ४४९.९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ३८ हजार रुपये. शर्यतीचा नवा खेळ 'मारिओ कार्ट वर्ल्ड' ७९.९९ डॉलरला, सुटा. ५ जूनला दोन्ही बाजारात आले. नव्या खेळात एकाच वेळी चोवीस गाड्या धावतात, शर्यतीच्या मार्गांमधील रस्तेही मोकळे असतात, मनाला येईल तिकडे हिंडता येते. पण तो जुन्या यंत्रावर चालत नाही. जून महिन्यात वडिलांच्या खोलीतील एका सोबत्याने नवे यंत्र आणले, आणि मुलाच्या मनात भीती शिरली. मिस्सापूर्वी मेणबत्त्या लावता लावता त्याने ती आम्हांला सांगितली. आम्ही माहिती काढून ठेवली होती, मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "अरे, नव्या यंत्रावरही जुना खेळ चालतो. ते नव्यावरून खेळतील, तू जुन्यावरून खेळ." तो म्हणाला, "ते माहीत आहे, फादर. पण नवीन रस्ता झाल्यावर जुन्या रस्त्याने कोण येतो?"

महामार्गामुळे जुन्या रस्त्यावरची दुकाने कशी ओस पडली, हे वसईच्या मुलाला सांगावे लागत नाही. आम्ही निरुत्तर झालो.

खेळांच्या या बाजारात प्रतिवर्षी काही ना काही नवे निघते, आणि वाईटच निघते असे म्हणण्यास आता आमची जीभ धजत नाही. पालकांसमवेत बसून आम्ही काही खेळ पाहिले. २०२३च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर'मध्ये चार जण एकत्र खेळू शकतात, आणि त्यातील काही पात्रांना शत्रूचा धक्का लागला तरी इजा होत नाही. चारपाच वर्षांच्या भावंडाने ते पात्र घ्यावे आणि मोठ्यांच्या मागे धावावे. जुलै २०२५मधील 'डाँकी काँग बनान्झा'त एक जण वानर होतो, तर दुसरा त्याच्या पाठीवर बसलेली मुलगी. सप्टेंबर २०२४चा 'ॲस्ट्रो बॉट' हरवलेल्या सवंगड्यांना हुडकून आणणाऱ्या लहानग्या यंत्रमानवाचा आहे. हरवलेल्या मेंढराचा दाखला आठवून आम्ही हरखलो होतो. परंतु तो एकट्याने खेळायचा खेळ आहे, आणि त्यासाठी प्लेस्टेशन ५ लागतो.

खोक्यावर छापलेला आकडा पाहावा, असे आम्ही सर्वांना सांगतो. युरोपात २००३पासून ३, ७, १२, १६, १८ असे आकडे छापतात. पुष्कळांचा समज असा की तो खेळ किती कठीण आहे याचा आकडा. तसे नाही, आतील मजकूर कोणत्या वयास योग्य, हे तो सांगतो. एका सद्गृहस्थांनी १८ आकड्याचा खेळ दहा वर्षांच्या मुलाला दिला होता, 'मुलगा हुशार आहे' म्हणून! शिवाय खोके विकत घेतले म्हणजे खेळ घरात आला, असेही आता राहिलेले नाही. स्विच २च्या काही खेळांच्या कार्डात खेळ नसतोच, केवळ किल्ली असते; खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. आणि दुकानाची पायरी न चढता थेट यंत्रावर घेतलेला खेळ घेणाऱ्याच्या खात्यालाच चिकटून राहतो. आळीतून फिरणारी कॅसेट त्या वाटेने जायची ती गेलीच. अबोलेही गेले म्हणा.

सप्टेंबरच्या ७ तारखेला पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अकुतिस यांना संतपद बहाल केले, आणि आमच्या काही पालकांच्या हाती जणू छडी आली. १९९१ साली जन्मलेल्या आणि पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेल्या या मुलाकडे प्लेस्टेशन होता, आणि तो आठवड्यातून एकच तास खेळे. "बघ, संत एकच तास खेळायचा," असे आता घरोघर ऐकू येते. तो तास त्याने स्वतः ठरवला होता, हे मात्र कोणी सांगत नाही. चीनमध्ये २०२१ साली सरकारने अठरा वर्षांखालील मुलांना ऑनलाइन खेळांसाठी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सणाच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच वेळ नेमून दिला. तासाचे माप दोन्हीकडे आहे, परंतु त्यांत महदंतर आहे. आमच्या त्या मुलाचाही आठवड्याला एकच तास; आणि त्यालाच आम्ही भर चर्चमध्ये बोल लावला होता.

ऑक्टोबरमध्ये मुलाची आई कार्यालयात आली. वडील जादा काम करून दोन नवी यंत्रे घेण्याच्या विचारात आहेत, दोन्हींचे मिळून पाऊण लाखाच्या वर जातील, तुम्ही त्यांना समजवा, असे तिचे म्हणणे. आम्ही फोन लावला आणि सांगितले, "यंत्र कशाला? त्याच पैशांत तुम्हीच नाताळला या." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "फादर, रजा दोन वर्षांनी मिळते. पुढची २०२६च्या अखेरीस. येणे माझ्या हातात असते, तर मी खेळणे कशाला पाठवले असते?" आमचा हा दुसरा उपदेशही वाया गेला. यंत्रे घ्यावीत की नाही, यावर त्यानंतर आम्ही काही बोललो नाही. त्यांनी अद्याप घेतलेली नाहीत, पुढेमागे घेतील.

पुढील उपवासकाळात क्रूसाची वाट सातऐवजी सव्वासहाला ठेवावी, असा विषय आम्ही धर्मग्राम परिषदेपुढे मांडला आहे. कारण विचारले गेले तेव्हा 'मुलांच्या सोयीसाठी' एवढेच सांगितले.

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजारी भाविकांना कम्युनियन देऊन परतत होतो. त्या घरावरून जाताना टीव्हीचा आवाज ऐकू आला म्हणून डोकावलो. मुलाला ताप होता. तो चादर गुंडाळून पलंगावर पडला होता. कंट्रोलर आजीच्या हातात होता. तिची मोटार भिंतीला घासत, रस्त्याच्या उलट दिशेने चालली होती आणि कुवेतहून तिचा मुलगा ओरडत होता, "आई, वळव! अगं, मागे वळव!" आजीने आमच्याकडे पाहिलेदेखील नाही. "थांब जरा," ती फोनला म्हणाली, "फादर आलेत. पण तू जाऊ नकोस पुढे, तिथेच थांब."