फिर्याद चालू आहे

विंचूरला कांद्याचं बरं आहे. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार गावातच आहे. लिलाव होतो, काटा होतो, हिशेबपट्टी हातात पडते. द्राक्षाचं तसं नाही. व्यापारी बागेत येतो, घड बघतो, भाव ठरवतो, खुडा करून क्रेट गाडीत भरतो आणि जातो. पुढचं सगळं शब्दावर. आमचा माल असाच गेला. थोडे पैसे आले, उरलेल्याचा चेक वटला नाही, मग फोन बंद.

तो व्यापारी परका होता. माझा राग त्याला घेऊन आलेल्या मध्यस्थावर. तो गावचाच. "भाऊ, माझ्या जबाबदारीवर द्या," म्हणाला होता. गावातल्या तीन पाटी चौकात तो दिसला की माझे हात थरथरायचे. सोसायटीचं कर्ज, औषधाची उधारी, आणि रात्रभर मनातल्या मनात त्याच्याशी भांडण. शेवटी बायको म्हणाली, "अहो, पैसे तर गेलेच. आता जेवायलाही रोज तोच बसतो आपल्यात."

आम्ही ख्रिस्ती. उत्तम शुक्रवारी नाशिकला उपासनेला गेलो. वधस्तंभावरचे सात उद्गार लहानपणापासून ऐकत आलोय. पहिला उद्गार क्षमेचा. त्या दिवशी तो टोचला. खिळे ठोकणारे काही माफी मागत नव्हते, ते खाली बसून कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकत होते. तरी त्यांच्यासाठी प्रार्थना झाली. मी मात्र समोरच्याच्या माफीची वाट बघत बसलो होतो.

उपासनेनंतर पाळकसाहेबांना विचारलं, "क्षमा करायची म्हणजे पैसे सोडून द्यायचे का?"

"अजिबात नाही. फिर्याद करा. फक्त त्याचं वाटोळं व्हावं, हे मागणं सोडा."

त्यांनी ग्लॅडिस स्टेन्स यांची आठवण करून दिली. 1999 च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप, टिमथी ही दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जाळून मारली. या बाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि त्यानंतरही बारीपदात राहून कुष्ठरुग्णांची सेवा केली. खटला मात्र चालला, मारेकऱ्याला शिक्षा झाली. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे मला तिथे पटलं. त्यांचं काय गेलं आणि माझं काय गेलं!

तरी राग एका दिवसात गेला नाही. औषधवाल्याचा फोन आला की पुन्हा उसळायचा. किती वेळा क्षमा करायची, असं पेत्रानं विचारलं तेव्हा प्रभूनं सात नव्हे, सातांच्या सत्तर वेळा सांगितलं. मला वाटायचं, ते नव्या नव्या अपराधांसाठी आहे. आता वाटतं, एकाच अपराधाला तेवढ्या वेळा क्षमा करावी लागते.

एका संध्याकाळी त्या मध्यस्थाच्या घरी गेलो. तो दारातच पांढरा पडला. म्हटलं, "भांडायला आलो नाही. पोलिसांत फिर्याद केलीय, ती मागे घेणार नाही. पण तुमच्याबद्दलचा राग प्रभूच्या पायाशी ठेवलाय, तेवढं सांगायला आलो." त्यानं माफी मागितली नाही. व्यापाऱ्यानं त्यालाही बुडवलं, असं सांगत राहिला. खरं-खोटं मी विचारलं नाही. वहिनींनी चहा ठेवला, तो घेतला.

पैसे अजून आलेले नाहीत. फिर्याद चालू आहे. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, तेव्हा आम्ही दोघं जाऊन, पोटभर जेवून आलो.